साडीच्या खोक्याआडचा फासा

तेव्हा मी तरुण होते, सत्तावन्न वर्षांची. हसू नका. आज माझी नात मला सोफ्यावरून उठायला हात देते, त्या मानानं ती बाई तरुणच. बँकेतून नुकतीच सुटलेली, केसांना काळा रंग फासणारी, आणि आपल्याला माणसं चांगली कळतात अशी पक्की समजूत बाळगून असलेली. आज ती मला समोरून येताना दिसली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

त्या वयात ती बाई राक्षस मारायला शिकली. त्याला कारण माझी भाची, म्हणजे अक्काची मुलगी. अक्का माझी मोठी बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्या मुलीला ऑफिसातल्या लोकांकडून एका खेळाचं वेड लागलं होतं. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एकानं गोष्ट सांगत पुढे न्यायची, आणि गोष्टीतला वार बसला की हुकला ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणायला लागलो. भाचीला मास्तर व्हायचं होतं, पण नवशिक्या मास्तराच्या टेबलावर जाणते लोक बसत नाहीत. मग पंगतीत माणसं कमी पडली की शेजारच्यांना हाक मारतात, तशी तिनं आम्हाला हाक मारली.

इंदिरानगरातल्या एका कॅफेत आम्ही पाच जण जमलो. भाची, अक्का, मी, जयनगरात राहणारे आमचे एक चुलतभाऊ, ज्यांना सगळे वकील अण्णा म्हणतात कारण ते खरोखरच वकील आहेत, आणि भाचीच्या ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा. तो म्हणाला, "काकू, तुम्ही आधी कॅरेक्टर बनवा, म्हणजे तुम्हाला कोण व्हायचंय ते." मी क्षणाचाही विचार न करता एकोणीस वर्षांची जादूगारीण झाले. केस गुडघ्यापर्यंत, डोळे हिरवे. अक्कानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"धाकटे, गुडघे तरी बरे आहेत ना तिचे?"

ती स्वतः झाली दाढीवाला बुटका. हातात कुऱ्हाड, तोंडात शिव्या. आयुष्यभर वर्गात 'शांत बसा' एवढंच म्हणत आलेली बाई दाढी मिळाल्याबरोबर जी सुटली, ती सुटलीच.

पहिल्या दिवशी आम्हाला एका गुहेतून देवळाची चोरलेली घंटा परत आणायची होती. आम्ही गुहेपर्यंत पोचलोच नाही. गावात दोरखंडाचं दुकान लागलं आणि मी भाव करायला बसले. भाची दुकानदार होऊन भाव सांगायची आणि मी "स्वल्प कमी करा" म्हणायचे, जणू तो दोर मला घरीच न्यायचा होता. वकील अण्णांनी गुहेच्या मालकाला नोटीस दिली आहे का, असा मुद्दा काढला. पुण्याचा मुलगा झाला होता पुजारी. जखमी माणसाला बरं करणं हे त्याचं काम, पण त्यानं कंटाळून गावातला गवताचा गंजीखाना पेटवला. त्या धुरात कुणीतरी धावत आलं, अक्कानं विचार न करता कुऱ्हाड घातली, आणि नंतर कळलं की आम्हाला हे काम देणारा पाटील तोच होता.

"आता घंटा आणून द्यायची कुणाला?" भाची म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"त्याच्या बायकोला," अक्का म्हणाली. "तिचं काही बिघडलेलं दिसत नाही."

आम्ही इतक्या मोठ्यानं हसत होतो की कॅफेतली मुलगी दोनदा येऊन "मॅम, स्वल्प मेल्लगे" म्हणाली, म्हणजे कानडीत जरा हळू. तिसऱ्यांदा तिनं बिलच आणलं. त्यानंतरचे रविवार अक्काच्या बसवनगुडीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

तिथं भावोजी होते. अक्काचे यजमान. अत्यंत सौम्य माणूस. आवाज वर गेलेला मी कधी ऐकला नव्हता. पण एका संध्याकाळी वकील अण्णा "मेला, मेला, दोघेही मेले" असं ओरडले आणि भावोजी आतून हातात फुलवात घेऊनच बाहेर आले.

"दिवेलागणीला असले शब्द नकोत. वास्तू तथास्तु म्हणत असते."

आमच्याकडे हे सगळे मानतात. घरात वाईट बोललं की घर 'तसंच होवो' म्हणतं. घरातून निघतानाही कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. बाकीचे लोक मानतात ते सवयीनं; भावोजी मानत ते भीतीनं. त्यांच्या धाकट्या भावानं एकदा जेवताना थट्टेत म्हटलं होतं, मी काही ही दिवाळी बघत नाही. त्यानं बघितली नाही. पाटावर बसलेला तो भाऊ आणि त्याचं ते वाक्य भावोजींच्या घशात कायमचं अडकलं होतं.

तेव्हा ठरलं, ह्या टेबलावर कुणी मरणार नाही. काशीला जाईल. आठ राक्षस एका वारात काशीला गेले की वकील अण्णा म्हणायचे, एवढ्यांना रिझर्वेशन मिळालं कसं. आमच्यापैकी एखादं पात्र घायाळ होऊन पडलं, तर खेळात असा नियम असतो की ते लगेच संपत नाही. ज्याचं त्यानं फासा टाकत राहायचं, तीन वेळा दहाच्या वर पडला की वाचलं, तीन वेळा खाली पडला की संपलं. तो फासा उघड्यावर टाकला तर बघणाऱ्याच्या तोंडून तो शब्द निसटतोच. म्हणून भाचीनं एका साडीच्या खोक्याचं झाकण टेबलावर उभं केलं. जिवाचा फासा तिनं सगळ्यांसाठी त्याच्या आड टाकायचा आणि फक्त सांगायचं, वाचला की काशीला. इतका बावळट तोडगा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही टेबलावर कुणी काढला नसेल. आम्हाला तो फार हुशारीचा वाटला.

मग अक्का आजारी पडली.

आधी पोट फुगलं, मग ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी भावोजींना आणि भाचीला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं, त्यांनी मला सांगितलं, आणि आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की अक्काला सांगायचं नाही. तिला सांगितलं, आतड्याला सूज आहे, औषधं जरा कडक आहेत. केस गेले तेही सुजेमुळे. चव गेली तीही सुजेमुळे. मी तर एकदा तिला पित्तावर आवळा सुचवला. बँकेत पस्तीस वर्षं लोकांचे चेहरे वाचले म्हणणारी ती बाई आपल्या बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून म्हणायची, बरं झालं बाई, हिला काही कळलेलं नाही.

खेळ चालू ठेवला. डॉक्टर म्हणाले होते, मन रमवा. अक्का डोक्याला स्कार्फ बांधून, पाठीला दोन उशा घेऊन बसायची. कोडबळ्यांची ताटली तिच्यापासून लांब ठेवायची, कारण तळणाच्या वासानं तिला उमळायचं. आता तिच्या बुटक्याला काहीच होईना. तो विहिरीत पडला, वाचला. विषारी बाण लागला, वाचला. अंगावर आग आली. पुण्याच्या मुलाचा पुजारी त्यात खलास होऊन काशीला गेला आणि बुटक्याच्या दाढीचा केस जळला नाही. झाकणाआड फासा खुळखुळायचा आणि भाची खाली मान घालून म्हणायची, "वाचला."

अक्का फक्त शेवटचे किती पडले ते विचारायची, भाची आकडा सांगायची. आधी ती कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे धावायची. आता ती आपली पाळी आली की खिडकीकडे बघून म्हणायची, "मारते." आणि उशीला टेकायची.

औषधांची दुसरी फेरी संपली. काही उपयोग झाला नव्हता, हे आम्हा तिघांना कळलं होतं. तिसरी सोमवारपासून सुरू करायची असं भावोजींनी ठरवून टाकलं. आदल्या रविवारी आम्ही खेळायला बसलो.

गोष्टीत एक झुलता पूल होता. मागून फौज येत होती. अक्का म्हणाली, "तुम्ही पलीकडे जा. मी पुलाच्या ह्या टोकाला थांबते."

"आई, गरज नाही," भाची म्हणाली. "पूल तोडता येतो."

"मी थांबते म्हटलं ना."

ती थांबली. तिनं बरेच कापले, मग पडली. भाचीनं झाकणाआड तीनदा फासा टाकला.

"वाचला."

"शेवटचे किती पडले?" अक्कानं विचारलं.

"चौदा."

"आणि विहिरीत?"

"आई, ते आता कुठे आठवतंय..."

"मला आठवतंय. तू सोळा म्हणाली होतीस. बाणाच्या वेळी अठरा. एकदाही दहाच्या खाली नाही. मी तुला शाळेत शिकवलंय, निदान थोडी लाज ठेवायचीस, मधे एखादा सात घालायचास."

पुण्याचा मुलगा हसायला गेला आणि थांबला.

"झाकण काढ," अक्का म्हणाली.

"आई, खेळ आहे."

"हो. म्हणूनच म्हणते. इथं तरी खोटं खेळू नका." तिनं आपले हात टेबलावर ठेवले. औषधांनी बोटं बधिर झाली होती, तिला ब्लाउजचे हूक लावता येत नव्हते. ते मी लावायचे आणि सूज उतरली की होईल बरं म्हणायचे. "उद्या मला परत सुया टोचायला नेणार. हवंय का म्हणून मला विचारलंय कुणी? काय झालंय ते तरी सांगितलंय? भाजी आणायची तरी विचारून आणता."

वकील अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा मुद्दा सापडला नाही. मी काय केलं म्हणता? मी म्हटलं, "अक्का, कॉफी टाकू का?" हे मी केलं. ती एकोणीस वर्षांची हिरव्या डोळ्यांची जादूगारीणसुद्धा ह्याहून बरं काहीतरी बोलली असती.

अक्कानं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं हात लांब केला आणि झाकण आडवं पाडलं. "फासा दे. माझा मी टाकते."

तिच्या बोटांत तो राहिना. दोनदा निसटून खाली पडला, पुण्याच्या मुलानं टेबलाखाली शिरून शोधून दिला. मग तिनं तळहातावर ठेवून तो नुसता ओघळू दिला. चार. पुन्हा. अकरा, म्हणजे जरा तग धरला. पुन्हा. सहा. भाची म्हणाली, "आई, बस कर ना." पुन्हा. तीन.

"सांग," अक्का म्हणाली.

"काशीला..."

"काशीला नाही. मास्तर आहेस ना? नीट सांग."

आत भावोजी देवाजवळ दिवा लावत होते. मधलं दार उघडंच होतं. त्यांना सगळं ऐकू जात होतं. भाचीनं एकदा त्या दाराकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "तो मेला, आई. पुलावरच. फौज त्याला ओलांडून गेली."

आतून घंटा वाजायला लागली. आरती नव्हती, काही नव्हतं. भावोजी नुसती घंटा वाजवत होते, जोरजोरात, तो शब्द घराच्या कानापर्यंत पोचू नये म्हणून. बराच वेळ वाजवली. आम्ही सगळे ती थांबायची वाट बघत बसलो.

थांबल्यावर अक्का म्हणाली, "वकील, त्याची कुऱ्हाड धाकटीला देऊ नका हं. विकून दोर घेईल." आणि मग मुलीला, "आता माझं सांग."

भाचीनं सांगितलं. कुठून सुरू झालं, कुठंवर पसरलंय. तिसऱ्या फेरीनं काही आठवडे वाढतील, कदाचित तेही नाही. अक्का एखाद्या मुलाचं उत्तर तपासावं तशी ऐकत होती, मधे एकदा तिनं यकृतात किती गाठी आहेत विचारलं. शेवटी म्हणाली, "साकू."

साकू म्हणजे पुरे. रस्त्यावर भाजीवाल्यालाही आम्ही तसंच म्हणतो.

सोमवारी ती दवाखान्यात गेली नाही. भावोजी गाडी बोलावून, पिशवी भरून, चपला घालून पायरीवर उभे होते. ती आत पलंगावर बसून राहिली. त्यांनी गाडी परत पाठवली आणि तिला एक शब्दही विचारला नाही.

इथं मी असं लिहायला हवं, की त्यानंतर अक्का शांत झाली. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. खरं बोलून टाकलं की भीती जाते, असलं काहीतरी मी कुठंतरी वाचलं होतं आणि अक्काच्या उशाशी बसून ते घडायची वाट बघत होते. ते घडलं नाही. अक्का घाबरली. दुपारी कावळे ओरडायला लागले की माझं मनगट धरायची, नखं रुतेपर्यंत, आणि विचारायची, "धाकटे, मग काहीच नसतं का गं?" मला माहीत नव्हतं. मी म्हणायचे, माहीत नाही. रात्रपाळीला भाची असायची. तिलाही ती तेच विचारायची, आणि भाची तिच्या शेजारी आडवी होऊन तिला उत्तर नसलेलं बोलू द्यायची. पुण्याचा मुलगा दर रविवारी येऊन बसून जायचा. दुखणं वाढलं तेव्हा तिनं बुटक्याच्या सगळ्या शिव्या वापरून संपवल्या.

भावोजींनी तिचं सगळं केलं. भात मऊ कुस्करून भरवायचे, भांडं द्यायचे, पाठ पुसायचे, पाठीच्या जखमांना मलम लावायचे. पण ती "मी गेल्यावर" असं म्हणाली की हातातलं तसंच ठेवून खोलीबाहेर. एकदा तर चमचा तिच्या तोंडापाशी असताना उठले. तिनं स्वतःच मान पुढे करून तो घास घेतला. नंतर नंतर तिनं त्यांच्याशी फक्त औषधाच्या वेळांबद्दल बोलणं ठेवलं.

ती गेली. तेराव्याला माणसं उठल्यावर भावोजी मुलीला म्हणाले, "तू त्या दिवशी बोललीस." एवढंच. ओरडून नाही, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. मी मध्ये पडून उरलेल्या आठवड्यांचं गणित सांगायला गेले, डॉक्टरांचं म्हणणं सांगायला गेले. ते म्हणाले, "मी तिला काहीच म्हणत नाहीये." भाचीनं महिन्याभरात दुसऱ्या शहरातली नोकरी धरली. फासे मला देऊन गेली, म्हणाली टाकून दे. तेव्हापासून बापलेकींचं फोनवर बोलणं होतं ते पाऊस, गॅसचा सिलिंडर आणि रक्तदाब ह्यांच्याबद्दल.

मी अजून खेळते. दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या टोळक्याबरोबर, आणि आता म्हातारी चेटकीण होते; गुडघे दुखणारी. पण हे लिहायला बसले ते खेळामुळे नाही. परवा भावोजींकडे गेले होते. ते आता खूप थकलेत, एका कानानं ऐकू येत नाही. मी कॉफी केली, दोघं बसलो. ते कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"ती घाबरली होती का?" त्यांनी विचारलं.

कोण, असं मी विचारलं नाही. ह्या घरात ह्याला एकच उत्तर द्यायचं असतं. नाही हो, शांतपणे गेली. माझ्या ओठांवर आलंही होतं.

"हो," मी म्हटलं. "फार."

"दुखण्याला?"

"दुखण्याला कमी. संपण्याला जास्त."

"माझी काळजी होती का तिला?"

"नव्हती. तिला स्वतःचीच एवढी होती की तुमच्यापर्यंत पोचलीच नाही."

ते हसले की काय, मला कळलं नाही. "मला वाटायचं, पोरीनं सांगून तिला घाबरवलं. नाहीतर तिला काही कळलं नसतं."

"तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. घाबरलेली आधीपासूनच होती, फक्त एकटी होती. पोरगी सोबतीला बसली, एवढंच."

त्यांनी कप खाली ठेवला. हात मांडीवर घेतले, पुन्हा टेबलावर ठेवले. "मी फार वर्षं धरून ठेवलं," ते म्हणाले. मग, "आता पोरीला काय सांगू?"

"जे मला विचारलंत तेच तिला विचारा. ती तिथं होती. माझ्यापेक्षा जास्त होती."

फोन टेबलावरच होता. त्यांनी तो जवळ ओढला, चष्मा लावला, नाव शोधलं. अंगठा त्या नावावर धरून बसले. "आत्ता ऑफिसात असेल," ते म्हणाले. "रविवारी करतो."

"आज रविवारच आहे, भावोजी."

मी कप उचलले आणि आत जाऊन धुवायला घेतले, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावून. नळ बंद करून कान दिला. बोलण्याचा आवाज येत नव्हता. बाहेर आले तर फोनचा पडदा विझला होता, आणि ते त्यावर बोट टेकवून पुन्हा उजेड आणत होते.